खुर्चीवर बसलेले आणि मागे उभे

परवा पणजीतल्या एका मोठ्या हॉटेलात उद्योजकांचा मेळावा होता. आमच्या खात्याचाही त्यात थोडा हात असल्याने नोंदणीच्या टेबलावर बसायची पाळी माझ्यावर आली. गळ्यात नावाची पट्टी अडकवलेली माणसे एकमेकांना कार्डे देत होती, चहाचे कप हातात घेऊन हसत होती, आणि दोन फोटोग्राफर त्यांच्यामधून सारखे फिरत होते. हस्तांदोलन झाले की त्यातला एक म्हणायचा, "सर, परत एकदा, इकडे बघून." मग ते दोघे पुन्हा हात मिळवायचे. शेवटी सगळ्यांचा एक फोटो व्हायचा होता. तिथे अर्धा तास गेला. मधल्या खुर्चीवर कोण बसणार, हे काही केल्या ठरत नव्हते.

मला त्या वेळी एका माणसाची आठवण झाली. तोही माझ्यासारखाच सरकारी खात्यात टेबलावर बसणारा होता. त्याचे नाव लाला दीनदयाळ.

दीनदयाळांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात ते इंजिनियरिंग शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम होते अंदाजपत्रके आणि नकाशे काढण्याचे, थोडक्यात आपल्या भाषेत ड्राफ्ट्समन. फोटोग्राफी त्यांनी हाती घेतली ती १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीला आल्यावर, आणि तीही नोकरी सांभाळून. इंदूरच्या गादीवर तेव्हा दुसरे तुकोजीराव होळकर होते. त्यांनी या हौशी माणसाला उत्तेजन दिले आणि सर हेन्री डेली यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. डेली म्हणजे मध्य हिंदुस्थानातले गव्हर्नर जनरलचे एजंट. इंदूरचे डेली कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे. पुढची सगळी वाट या एका ओळखीने मोकळी झाली. हल्ली ज्याला 'नेटवर्किंग' म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

१८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, त्या वेळी दीनदयाळांनी फोटो काढले. १८८२-८३ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंडाच्या बाजूने फिरून त्यांनी किल्ले, देवळे आणि राजवाडे टिपले. ग्रिफिन यांचे मध्य हिंदुस्थानातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचे पुस्तक १८८६ मध्ये निघाले ते याच फोटोंवर. वास्तूंचे हे फोटो आज जास्त नावाजले जातात. पण माझे मन रमते ते त्यांच्या दुसऱ्या कामात. दरबार, लष्करी कवायती, शिकारीचे कॅम्प, पाहुण्यांच्या भेटी, आणि जिथे तिथे ग्रूप फोटो!

त्या काळी असा फोटो काढणे म्हणजे काय होते हे आज मोबाईल हातात धरून कळायचे नाही. सुरुवातीला ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. काच वाळली की सगळे वाया. म्हणून फोटोग्राफरबरोबर काळोखा तंबू, बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या आणि हे सगळे वाहणारे हमाल असायचे. १८८० नंतर तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि हा त्रास बराच कमी झाला. तरी उजेड लागायचाच. म्हणून बडी मंडळी सभागृहातून उठून बाहेर पायऱ्यांवर येऊन बसायची. आपल्या शाळेचा वार्षिक फोटो व्हरांड्याच्या पायऱ्यांवर का काढत, त्याचे मूळ मला तरी इथेच दिसते. शिवाय छापील फोटो काचेवर कागद ठेवून उन्हात काढत, त्यामुळे फोटो जेवढा मोठा हवा तेवढीच मोठी काच घ्यावी लागे. मोठ्या ग्रूपची काच फुटली तर पुन्हा तोच व्हाइसरॉय आणि तेच संस्थानिक कुठून जमवणार?

आणि धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर ग्रूप फोटो ही हुशारीची गोष्ट होती. काच एक, पण फोटोत जेवढी माणसे तेवढी गिऱ्हाइके. प्रत्येकाला आपल्या घरी प्रत हवी. काच स्टुडिओत क्रमांक घालून जपून ठेवायची, म्हणजे पाच वर्षांनी कोणी मागणी केली तरी प्रत काढून देता येते. इंग्रज अधिकारी बदली होऊन जायचा तो असे फोटो आल्बममध्ये लावून घेऊन जायचा. दीनदयाळांचे नाव साता समुद्रापार गेले त्यात या आल्बमांचा मोठा वाटा असणार.

१८८५ मध्ये त्यांनी नोकरीतून लांब रजा घेतली. त्याच सुमारास ते व्हाइसरॉयचे फोटोग्राफर झाले. १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ उघडला, आणि पुढे व्हिक्टोरिया राणीकडूनही नेमणुकीची सनद मिळाली. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाने पेन्शनीचा भरवसा सोडून धंद्यात उडी घ्यायची! मी आमच्या कार्यालयात हे सांगितले तेव्हा एक सहकारी म्हणाला, "बायको काय म्हणाली असेल?" असो.

हैदराबादला सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर केले आणि 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. ऑस्ट्रियाचा राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड १८९३ मध्ये हैदराबादेत शिकारीला आला, तेव्हाचे फोटो त्यांचेच. ज्याच्या खुनाने १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तोच हा राजपुत्र. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि त्यांची पत्नी मारलेल्या वाघामागे उभे आहेत, तो प्रसिद्ध फोटोही दीनदयाळांच्या स्टुडिओचा. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंकडे, श्रीमती केनी-लेविक यांच्याकडे सोपवला. १८९६ मध्ये मुंबईलाही स्टुडिओ झाला. १९०५ मध्ये दीनदयाळ वारले. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, आणि २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

हे फोटो पुस्तकांत पाहताना मी आता एक खेळ करतो. मधली माणसे सोडून देतो आणि कडेची पाहतो. मधल्यांची नावे खाली छापलेली असतातच, कोण कुठला रेसिडेंट, कोण कुठला नवाब. पण पंखा धरणारा, घोड्याचा लगाम धरलेला, खांबाआड अर्धा दिसणारा पट्टेवाला, यांची नावे कुठे नाहीत. काच त्यांनाही तेवढ्याच स्पष्टपणे टिपते. कित्येकदा तर जास्तच, कारण साहेब मान वळवतो आणि नोकर हुकुमाप्रमाणे श्वास रोखून उभा असतो.

या खेळाचे कारण माझ्या घरातच आहे. माझे वडील एका कार्यालयात शिपाई होते. मुक्तीनंतर भरती झालेल्यांपैकी. आमच्या दिवाणखान्यात त्यांच्या साहेबांच्या निरोप समारंभाचा फोटो आहे. पुढे खुर्च्यांवर सात जण, मागे दोन रांगा. खाली पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात 'बसलेले, डावीकडून' असे लिहून सातही नावे दिली आहेत. त्यानंतर 'उभे' असे लिहून चार नावे, आणि पुढे 'व इतर कर्मचारी'. माझे वडील त्या इतरांत. शेवटच्या रांगेत उजवीकडून दुसरे, खांद्याच्या वर फक्त तोंड. लहानपणी कोणी पाहुणे आले की आई त्या तोंडावर बोट ठेवून दाखवायची, म्हणून काचेवर तिथे कायम बोटाचा डाग असायचा. वडिलांना मी एकदा विचारले, "तुमचे नाव का नाही?" ते म्हणाले, "जागा संपली असेल रे." त्यांना खरोखरच तसे वाटत होते की मला गप्प करायचे होते, हे विचारायचे राहून गेले.

ते गेल्यावर मी तो फोटो चौकटीतून काढला आणि फोंड्याला राहणाऱ्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याकडे घेऊन गेलो. काका तेव्हा ऐंशीच्या घरात होते, मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले. त्यांनी भिंग मागवले, फोटो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग एकेक नाव सांगू लागले. हा ड्रायव्हर, हा आमच्याबरोबर जेवायला बसायचा, ह्याला बासरी छान वाजवता यायची, हा लवकर गेला. मागच्या दोन रांगांत एकूण एकोणीस माणसे. पुठ्ठ्यावरची चार सोडून राहिली पंधरा, आणि काकांना त्यांतली बारा आठवली. मी ती पेन्सिलीने फोटोच्या मागच्या बाजूला, रांगेच्या क्रमाने लिहून ठेवली. उरलेल्या तिघांच्या जागा तशाच मोकळ्या सोडल्या आहेत. काकांनी सांगितले आहे, त्यांतला एक मडगावचा होता, त्याच्या घरी कोणी असले तर विचारून बघ. अजून जायचे आहे.