उपाध्यक्षाच्या डोक्यावरची टोपली

थ्रेड : एका छोट्या गावच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष कुष्ठरोग्यांचा शुश्रूषक कसा झाला, आणि त्या कथेचा एक धागा थेट पेण तालुक्यात कसा येऊन पोहोचतो, याविषयी.

पेण आणि रोहा ही पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावे. दोन्हींना ब्रिटिश अमदानीपासून नगरपालिका आहे. अशा छोट्या नगरपालिकांचा कारभार आज वाचताना रुक्ष वाटतो : दिवाबत्ती, पाणी, रस्ते, जन्ममृत्यूची नोंद, देवीची लस आणि मैला वाहून नेण्याची व्यवस्था. या यादीतील निम्मी कामे आरोग्याची आहेत, हे आपल्या ध्यानात क्वचितच येते.

त्यामुळे दवाखान्यात राबलेला माणूस पुढे नगराध्यक्ष झाला, तर नवल वाटत नाही. गाव आधी त्याचे हात पाहते आणि मग त्याला खुर्ची देते. विदर्भातील वरोऱ्यात मात्र हा क्रम नेमका उलटला. तेथे खुर्ची आधी आली आणि हात नंतर मळले.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. तारुण्यात शिकारीचा, मोटारींचा आणि चित्रपटांचा शौक. इंग्रजी नियतकालिकांसाठी त्यांनी चित्रपट-परीक्षणेही लिहिली होती. पुढे कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली. रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले. हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे तोच त्यांना बोचणार आहे.

१९४६ साली त्यांचा विवाह नागपूरच्या इंदू घुले यांच्याशी झाला. याच साधनाताई. दोघांनी वरोऱ्याजवळ ‘श्रमाश्रम’ थाटला आणि निरनिराळ्या जातींची माणसे तेथे एकत्र राहू लागली. याच सुमारास आमटे नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते.

त्या काळी गावोगाव टोपलीचे संडास असत. घराच्या मागल्या बाजूस एक लहानसे दार, आत टोपली किंवा डबा. सफाई कामगार पहाटे येई, मैला टोपलीत भरी आणि डोक्यावरून गावाबाहेर नेई. पावसाळ्यात टोपलीतून गळणारे पाणी त्याच्या चेहऱ्यावर ओघळे. हे काम कोणी करायचे, ते जातीने ठरवलेले होते. किती मोबदल्यात करायचे, ते नगरपालिका ठरवी.

सफाई कामगारांच्या मागण्यांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा उपाध्यक्षांनी त्यांची बाजू घेतली. त्यावर त्यांना आव्हान मिळाले : बोलणे सोपे आहे, हे काम स्वतः करून पाहा. त्यांनी टोपली उचलली आणि सुमारे नऊ महिने मैला वाहिला. आमट्यांविषयी बोलताना हा प्रसंग बहुधा दोन ओळींत उरकला जातो, कारण वाचकाला आनंदवनाची घाई असते. माझ्या मते मात्र सगळे पुढचे आयुष्य येथूनच फुटते. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ‘सफाई’ हा एक रकाना असतो. तो रकाना डोक्यावर घेतल्यावर त्याचे वजन कळते.

याच कामावरून परतताना, एका पावसाळी रात्री, रस्त्याकडेच्या गटाराजवळ त्यांना एक आकृती पडलेली दिसली. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत अळ्या पडलेल्या. तो तुळशीराम होता. कुष्ठरोगाच्या अखेरच्या अवस्थेत तो पोहोचला होता. आमटे घाबरले आणि घराकडे पळत सुटले.

ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली, म्हणून तर ती आपल्याला ठाऊक आहे. गोऱ्या सैनिकांना न भ्यालेला माणूस एका मरणासन्न रोग्याला भ्याला होता. ते परत गेले. तुळशीरामवर त्यांनी तट्ट्यांचा आडोसा उभारला, त्याच्या जखमा धुतल्या आणि तो जाईपर्यंत त्याची शुश्रूषा केली. भीती मात्र त्यानंतरही बरेच दिवस त्यांच्या मनात घर करून होती. तिच्यावर उपाय म्हणून त्यांनी तो रोग शिकायचे ठरवले. हा निर्णय एकट्याचा नव्हता. घरात दोन तान्ही मुले होती आणि साधनाताईंनी होकार दिला होता.

येथे पेण तालुक्याचा धागा जुळतो. तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे, अर्थात विनोबा, जन्मले. पुढे ते वर्ध्याला स्थिरावले. त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. दिवाणही डॉक्टर नव्हते. सेवाग्रामात तर खुद्द गांधीजी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांच्या कुष्ठाच्या जखमा धूत असत. वर्ध्याच्या परिसरात, वैद्यकीय पदवी नसलेली माणसे हे काम शिकू शकतात, हा विश्वास आधीच रुजला होता. आमटे प्रथम दत्तपूरला गेले.

१९४९ साली त्यांनी कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. काळ मोठा विलक्षण होता. नॉर्वेच्या हान्सेन यांना १८७३ साली या रोगाचा जंतू दिसला होता, पण प्रयोगशाळेत तो वाढवता येत नव्हता. (आजही कृत्रिम माध्यमात तो वाढत नाही.) आमट्यांनी प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले. जंतू टोचले गेले, परंतु रोग जडला नाही. बहुसंख्य माणसांत या जंतूविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते, हे आता आपण जाणतो. त्या टेबलावर झोपलेल्या माणसाला तशी खात्री कोणीही दिलेली नव्हती.

याच दशकात सल्फोन गटातील औषधे हाती आली होती. डॅप्सोनच्या गोळ्या स्वस्त होत्या, पण त्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. रोगी शोधणे, गोळी पोहोचवणे, बधिर पायाची जखम तपासणे आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा त्याच दारी जाणे, असे हे काम होते. इतके डॉक्टर आणायचे कोठून? आमट्यांनी वरोऱ्याच्या आसपासच्या गावांत साप्ताहिक दवाखाने चालवले ते याच रीतीने. १९५५ साली सुरू झालेला राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमही अखेर डॉक्टरांपेक्षा अधिक अशाच प्रशिक्षित सेवकांच्या पायांवर चालला. ज्यांना आपण आज पॅरामेडिक म्हणतो, त्यांचा हा एक पूर्वज.

वरोऱ्यापासून काही किलोमीटरवर सरकारने पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमीन दिली. वरोरा तेव्हा मध्य प्रदेशात होते, हे नकाशाप्रेमींसाठी सांगून ठेवतो. सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये, ही आरंभीची पुंजी सर्वश्रुत आहे. २१ जून १९५१ रोजी, तेलंगणातील भूदान पदयात्रेवरून पवनारला परतणाऱ्या विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. गागोद्याच्या मुलाने वरोऱ्याच्या माजी उपाध्यक्षाच्या कामाचा असा श्रीगणेशा केला.

विहीर खणली गेली, भाजीपाला पिकू लागला. आणि मग खरी परीक्षा आली : वरोऱ्याच्या बाजारात ती भाजी कोणी घेईना. ज्या गावच्या सफाईसाठी हा माणूस मैला वाहत होता, त्याच गावाला त्याच्या वांग्यांची भीती वाटत होती. मला हा प्रसंग तुळशीरामच्या प्रसंगाइतकाच बोलका वाटतो. औषधाने जंतू मरतो, पण बाजाराला गोळी देता येत नाही.

ही कोंडी फुटली ती काहीशी योगायोगाने. १९५०च्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक इमारती बांधायला आनंदवनात राहिले. ते रोग्यांसोबत काम करत आणि तेथलेच अन्न जेवत. गोरे साहेब जे खातात ते आपणही खाऊ शकतो, असा हिशेब गावाने केला असावा. भाजी विकली जाऊ लागली. पुढे १९६०च्या दशकात आनंदवनाच्या जमिनीवर महाविद्यालय निघाले आणि वरोऱ्याची मुले शिकायला त्याच फाटकातून आत जाऊ लागली.

पुढचे बरेचसे सर्वांना ठाऊक आहे : १९७१ ची पद्मश्री, १९७३ चा हेमलकसा प्रकल्प, १९८५ चा मॅगसेसे पुरस्कार, भारत जोडो यात्रा, नर्मदाकाठचा मुक्काम. त्यात येथे शिरत नाही.

नगरपालिकेचा विषय मात्र एवढ्यात संपत नाही. १८९८ च्या ‘लेपर्स अ‍ॅक्ट’नुसार रस्त्यावर भीक मागणाऱ्या निर्धन कुष्ठरोग्याला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत, आणि त्याला आश्रमात डांबता येई. काही प्रांतांच्या नगरपालिका कायद्यांनी तर कुष्ठरोग्याला सभासद होण्यासही अपात्र ठरवले होते. तुळशीराम जगला असता, बरा झाला असता, तरी अशा एखाद्या गावी उपाध्यक्षाच्या खुर्चीवर त्याला बसता आले नसते.

बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात निवर्तले. त्याच वर्षी ओडिशातील एका निवडून आलेल्या नगरसेवकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर होते. कुष्ठरोगामुळे त्याचे पद रद्द झाले होते. कायद्यातील तरतूद वैध आहे, असे म्हणत न्यायालयाने ती अपात्रता कायम ठेवली. बदललेल्या वैद्यकीय ज्ञानाच्या प्रकाशात कायदेमंडळाने तिचा फेरविचार करावा, असेही सुचवले. १८९८ चा कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ साली.