बीजांडकोशाचा कर्करोग : एका विचाराचा इतिहास

जव्हार तालुक्यातील वांगणीसारख्या गावी कोणाच्याही अंगणात उभे राहावे, चार कोंबड्या पायांत घोटाळतातच. गावठी कोंबडीचा क्रम घरच्या बाईला पाठ असतो. काही दिवस अंडी घालावयाची, मग खुडूक होऊन उबवणीस बसावयाचे, आणि तेवढ्या काळापुरते अंडी घालणे बंद. पिंजऱ्यातल्या कोंबडीला ही विश्रांती नाही. ती जवळजवळ रोज अंडे देते. आणि बीजांडकोशाचा, म्हणजेच अंडाशयाचा, कर्करोग ज्या थोड्या प्राण्यांत आपोआप पुष्कळ प्रमाणात आढळतो, त्यांत अंडी देणारी कोंबडी प्रमुख आहे. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल काय? हा प्रश्न नीट विचारता यावयास विज्ञानाला पाऊणशे वर्षे लागली. त्या वाटचालीत महाराष्ट्राच्या एका विदुषीचाही वाटा आहे.

आरंभ गाईपासून झाला. ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीट्सन यांना कळले होते की, व्यालेल्या गाईचे दूध फार दिवस टिकावे म्हणून काही देशांत तिचे बीजांडकोश काढून टाकतात. म्हणजे ओटीपोटातील हा लहानसा अवयव दूरच्या स्तनातील पेशींवर सत्ता चालवितो! स्तनाच्या बळावलेल्या कर्करोगात बीजांडकोश काढल्यावर गाठी ओसरल्याची हकीकत त्यांनी 1896 साली प्रसिद्ध केली. ही सत्ता कोणत्या मार्गाने चालते, हे मात्र त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. ‘हार्मोन’ हा शब्दच 1905 साली प्रचारात आला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. 1923 साली अमेरिकेत एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी बीजांडकोशातील स्रावाचा प्रभाव उंदरांवर दाखवून दिला. 1932 साली फ्रान्समध्ये आन्त्वान लाकासान्य यांनी हा स्राव नर उंदरांना टोचून त्यांच्या ठिकाणी स्तनाचा कर्करोग उत्पन्न केला.

पण जो अवयव हुकूम देतो, त्याला हुकूम कोण देतो? मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी. तिच्या संप्रेरकांनी बीजांडकोशातील पेशी वाढतात, बीज पक्व होते व बाहेर पडते. बीजांडकोश इस्ट्रोजेन निर्माण करतो, आणि ते रक्तातून वर पोचले की पोषग्रंथीला लगाम बसतो. हा लगाम तुटला तर? 1944 साली अमेरिकेतील बिस्किंड बंधूंनी उंदराचे बीजांडकोश काढले आणि त्यांतील एकाचे त्याच्याच प्लीहेत रोपण केले. प्लीहेतील रक्त प्रथम यकृतात जाते. तेथे इस्ट्रोजेनचा नाश होतो. पोषग्रंथीला निरोप पोचेना, तिचे हुकूम सुटतच राहिले, आणि काही महिन्यांनी त्या रोपलेल्या बीजांडकोशात अर्बुदे वाढली. बाहेरचे कोणतेही विष दिलेले नव्हते. बिघडला होता तो फक्त शरीराचा आपसातील संवाद.

याच दशकात मुंबईत या विद्येचा पाया घातला जात होता. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात 1917 साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी काम केले आणि 1949 साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या शिकून त्या परतल्या, आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तिची प्रयोगशाळा उभारली. त्यांचा विषय स्तनाचा कर्करोग होता, बीजांडकोशाचा नव्हे; तथापि आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी उंदरांत शोधला. एकाच कारणावर सारा दोष ढकलू नये, हा धडा बीजांडकोशालाही तितकाच लागू आहे.

आता कोंबडीकडे परत येऊ. 1971 साली ईजिप्तचे डॉ. महमूद फथल्ला यांनी असा विचार मांडला की, प्रत्येक वेळी बीज बाहेर पडताना बीजांडकोशाच्या पृष्ठभागाला जखम होते. ती भरून काढण्यास पेशी विभागतात. आणि अखंड विभागणीत कधीतरी चूक होते. गरोदरपण व अंगावर पाजणे यांत बीज सुटणे थांबते, आणि अशा स्त्रियांत हा रोग कमी आढळतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही तेच घडते. 45 अभ्यास एकत्र करून 2008 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दर पाच वर्षांच्या वापरामागे धोका सुमारे एक पंचमांशाने घटल्याचे दिसले. मासिक पाळी गेल्यावर घेतलेल्या इस्ट्रोजेनने उलट तो थोडा वाढतो. अलीकडे असेही कळले आहे की पुष्कळ अर्बुदांचा उगम बीजवाहिनीच्या टोकाशी असतो, आणि काही घराण्यांत सदोष जनुक वारशाने येते. संप्रेरके ही एकटी अपराधी नव्हेत. परंतु वाढीला बळ देणाऱ्यांत त्यांची गणना करावीच लागते.

यावरून कोणी ‘अधिक मुले हवीत’ असा अर्थ काढू नये. वारंवारच्या बाळंतपणांनी डोंगरातल्या बाईचे रक्त आटते, ते कोणत्या हिशेबात धरावयाचे? मुंबईत 1963 पासून आणि ग्रामीण भागात बार्शीला 1987 पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. बार्शीकडे गर्भाशयमुखाचा कर्करोग पुष्कळ आढळला, आणि बीजांडकोशाचा मुंबईपेक्षा कमी. पण जो रोग ओळखलाच जात नाही, त्याची नोंद कशी व्हावी? पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीला होणे, ओटीपोट दुखणे, एवढीच याची चिन्हे. आणि निरोगी स्त्रियांची सरसकट चाचणी करून तो वेळेवर हुडकण्याचा भरवशाचा उपाय अजून नाही. म्हणूनच ही चिन्हे नवीन असून आठवड्यामागून आठवडे राहिली, तर दवाखाना गाठलाच पाहिजे.

रणदिवेबाईंनी उत्तर आयुष्यात सह्याद्रीतील अकोले तालुक्यात, राजूरच्या परिसरात, आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि तेथील स्त्रियांना आरोग्याचा सल्ला दिला. प्रयोगशाळेतून डोंगरापर्यंत आलेली ती वाट वांगणीपर्यंत पोचावयाची आहे. कोंबडी खुडूक झाली तर आपण ताबडतोब ओळखतो. घरातली आई पोट धरून बसली, तर तितक्याच तत्परतेने विचारपूस व्हावी, एवढे तरी या इतिहासाने आपल्याला शिकवावे.