देवयानीतला लहानसा ढग

इ. स. 964 च्या सुमारास इराणमध्ये अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी स्थिर ताऱ्यांवरचा आपला अरबी ग्रंथ लिहिला. टॉलेमीची ग्रीक तारकायादी त्यांनी नुसती उतरवून घेतली नाही. ताऱ्यांचे तेज स्वतः पाहून तपासले. देवयानी तारकासमूहापाशी त्यांनी एक लहानसा ढगही नोंदवला. दुर्बीण यायला अजून साडेसहाशे वर्षे होती.

1923 मध्ये एडविन हबल यांना त्या ढगात तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होणारा एक तारा सापडला. अशा ताऱ्यांवरून अंतर काढण्याची किल्ली हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच दिली होती. हिशेब आकाशगंगेच्या पार बाहेर गेला. तो ढग म्हणजे दुसरी दीर्घिका होती, आजच्या मोजमापाने सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर. आपली आकाशगंगा म्हणजेच सारे विश्व, हा समज तिथे संपला.

‘दुसरी दीर्घिका मुसलमानांनी शोधली’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ती दीर्घिका आहे, हे सूफींना ठाऊक नव्हते. त्यांचे मोठेपण वेगळे आहे : अर्थ लागत नसतानाही जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. वारसा सांगायचाच, तर या सवयीचा सांगू या.