प्लेगच्या प्रसाराविषयीच्या वैज्ञानिक आकलनाचा विकास

प्लेग या रोगाचा प्रसार कसा होतो, याविषयीचे आधुनिक वैज्ञानिक आकलन प्रामुख्याने इ.स. १८९४ ते १९१४ या काळात विकसित झाले. या वीस वर्षांत रोगाचा जीवाणू, त्याचे प्राण्यांमधील आश्रयस्थान, तो वाहून नेणारा कीटक आणि त्या कीटकाच्या शरीरात घडणारी प्रक्रिया या चार बाबी टप्प्याटप्प्याने स्पष्ट झाल्या. त्यांपैकी महत्त्वाचे काही टप्पे मुंबईत पार पडले. जीवाणू सापडल्यानंतरही प्रसाराचा मार्ग अनेक वर्षे वादग्रस्त राहिला आणि त्या काळातील सार्वजनिक उपाययोजना अपुऱ्या आकलनावर आधारलेल्या होत्या. त्यामुळे वैज्ञानिक ज्ञान कसे बदलते, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी हा इतिहास एक उपयुक्त उदाहरण ठरतो.

पूर्वीच्या कल्पना

जंतूंचा शोध लागण्यापूर्वी साथीच्या रोगांविषयी दोन प्रमुख मते प्रचलित होती. पहिल्या मतानुसार सडलेले पदार्थ, दलदल व घाण यांतून निघणाऱ्या दूषित हवेमुळे रोग उद्भवतो. दुसऱ्या मतानुसार रोग स्पर्शाने किंवा रोग्याच्या वस्तूंमधून पसरतो. इटालियन वैद्य जिरोलामो फ्राकास्तोरो यांनी इ.स. १५४६ मध्ये रोगाची सूक्ष्म बीजे एका व्यक्तीकडून दुसरीकडे जातात, अशी मांडणी केली होती. प्रत्यक्ष व्यवहारात ही दोन्ही मते एकत्र नांदत असत. चौदाव्या शतकातील युरोपातील महामारीनंतर रागुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या बंदराने इ.स. १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना काही काळ वेगळे ठेवण्याचा नियम केला. विलगीकरणाच्या प्रथेची ही आरंभीची नोंद मानली जाते.

जीवाणूचा शोध

इ.स. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ पसरली. तेथे अलेक्झांडर येर्सिन व शिबासाबुरो कितासातो या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे प्लेगच्या जीवाणूविषयी संशोधन केले. हा जीवाणू आज 'यर्सिनिया पेस्टिस' या नावाने ओळखला जातो. साथीच्या भागात मोठ्या संख्येने मेलेले उंदीर येर्सिन यांना आढळले आणि त्या उंदरांच्या शरीरातही त्यांना तोच जीवाणू सापडला.

या शोधामुळे रोगाचे कारण समजले, परंतु जीवाणू उंदराकडून माणसाकडे कोणत्या मार्गाने पोहोचतो, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. दूषित धूळ, अन्न, पायांवरील जखमा, रोग्याचे कपडे आणि घराची जमीन अशा अनेक शक्यता विचारात घेतल्या जात होत्या.

मुंबई व पुण्यातील साथ

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रुग्ण आढळू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा बंदराजवळचा, धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीचा भाग होता. तत्कालीन मराठी लेखनात या रोगासाठी 'ग्रंथिक सन्निपात' हा शब्दही वापरला जात असे.

महापालिकेच्या उपाययोजनांवर दूषित हवा व घाण यांविषयीच्या कल्पनांचा प्रभाव होता. गटारे धुणे, घरांत कार्बोलिक आम्लाचा वापर करणे, घरातील सामान जाळणे आणि रुग्णांना सक्तीने हलवणे असे उपाय योजले गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला व त्याने शासनाला व्यापक अधिकार मिळाले. पुण्यात सैनिकांकरवी घरांची झडती घेण्यात आली. त्यामुळे लोकांत तीव्र असंतोष निर्माण झाला. २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या व त्या जखमांमुळे रँड यांचा पुढे मृत्यू झाला. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते.

याच काळात वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्रसाराचा मार्ग निश्चित होण्यापूर्वीच ही लस उपलब्ध झाली.

पिसवेविषयीचे गृहीतक

मसानोरी ओगाटा या जपानी संशोधकांना इ.स. १८९७ मध्ये तैवानमध्ये आजारी उंदरांवरील पिसवांत प्लेगचे जीवाणू आढळले. त्याच सुमारास फ्रेंच लष्करी वैद्य पॉल-लुई सिमाँ हे मुंबईत काम करत होते. त्यांना दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. काही रुग्णांच्या त्वचेवर बारीक फोड दिसत व ते कीटकदंशासारखे असत. तसेच नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारी माणसे आजारी पडत, मात्र बराच वेळ आधी मेलेला उंदीर तितका धोकादायक ठरत नसे. उंदराचे शरीर थंड झाल्यावर पिसवा ते सोडून जातात, हे यामागचे कारण असावे, असे सिमाँ यांनी मांडले.

२ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी एक प्रयोग केला. मोठ्या काचपात्रात पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवून त्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात टांगला. काही दिवसांनी निरोगी उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसताना मात्र आजारी उंदरापासून इतरांना लागण झाली नाही.

गृहीतकाची अस्वीकृती

सिमाँ यांचे निष्कर्ष इ.स. १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु त्यांना तत्काळ मान्यता मिळाली नाही. टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग आयोगाने हे गृहीतक नाकारले. प्रयोगांची संख्या कमी होती आणि काही संशोधकांना तेच निष्कर्ष पुन्हा मिळाले नाहीत. उंदरांवरील पिसवा माणसाला चावत नाहीत, असाही आक्षेप घेतला गेला. पिसवांच्या अनेक जाती असतात व त्यांच्या सवयी भिन्न असतात, हे तेव्हा पुरेसे लक्षात घेतले गेले नव्हते. कीटकांमार्फत रोग पसरतो ही कल्पनाही नवी होती. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी ऑगस्ट १८९७ मध्येच आढळला होता.

मुंबईतील निर्णायक प्रयोग

झेनोप्सिला चिओपिस या उंदरांवरील पिसवेचे वर्णन इ.स. १९०३ मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड यांनी केले. मुंबईतील डब्ल्यू. जी. लिस्टन यांनी ही जात तेथील उंदरांवर मुबलक असते आणि उंदीर मेल्यावर ती माणसांकडेही वळते, असे दाखवले.

इ.स. १९०५ मध्ये नव्या प्लेग संशोधन आयोगाने परळ येथील प्रयोगशाळेत काम सुरू केले. हीच प्रयोगशाळा पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून प्रसिद्ध झाली. आयोगाच्या प्रयोगांतील प्रमुख निष्कर्ष असे होते:

१. पिसवा नसलेल्या खोलीत आजारी व निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, तरी साथ पसरली नाही. मलमूत्राशी संपर्क येऊनही हा निष्कर्ष बदलला नाही.

२. पिसवा असलेल्या खोलीत साथ पसरली आणि पिसवांच्या संख्येनुसार तिचा वेग वाढला.

३. जमिनीपासून दोन इंच उंचीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिगांना लागण झाली, परंतु दोन फूट उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिग सुरक्षित राहिले. संसर्ग हवेतून होत असता, तर उंचीमुळे असा फरक पडला नसता. पिसवेच्या उडीला मात्र मर्यादा असते.

४. जीवाणूंनी दूषित केलेली शेणाने सारवलेली जमीन ४८ तासांनंतर आणि चुन्याची जमीन २४ तासांनंतर संसर्गजन्य राहत नाही.

शेवटच्या निष्कर्षामुळे घरांच्या निर्जंतुकीकरणावर आधी दिलेला भर फारसा उपयुक्त नव्हता, हे स्पष्ट झाले. घर सोडून मोकळ्या जागी राहणे मात्र खरोखरच हितकारक होते. त्याचे कारण दूषित हवेपासून सुटका हे नसून उंदीर व पिसवा यांच्यापासून मिळणारे अंतर हे होते. यानंतर उंदरांचे नियंत्रण, वस्ती रिकामी करणे व लसीकरण यांना अधिक महत्त्व मिळाले.

इ.स. १९१४ मध्ये ए. डब्ल्यू. बेकट व सी. जे. मार्टिन यांनी पिसवेच्या शरीरातील प्रक्रिया उलगडली. जीवाणूंची वाढ होऊन पिसवेच्या जठराच्या तोंडाशी अडथळा तयार होतो. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि आत न जाऊ शकलेले रक्त जीवाणूंसह दंशाच्या जागी परत येते.

आकलनाच्या मर्यादा व नंतरचे संशोधन

पिसवेचा सिद्धान्त प्रस्थापित झाल्यानंतर लगेचच त्याची व्याप्ती किती, हा प्रश्न पुढे आला. इ.स. १९१०–११ मध्ये मांचुरियात पसरलेल्या साथीत सुमारे ६०,००० लोक मरण पावले. वैद्य वू लिएन-तेह यांनी हा फुप्फुसीय प्लेग असून तो खोकल्यातील थेंबांद्वारे थेट माणसाकडून माणसाकडे पसरतो, असे प्रतिपादन केले व कापडी मुखपट्टीचा आग्रह धरला. फ्रेंच वैद्य जेराल्ड मेनी यांनी मुखपट्टी वापरली नाही आणि लागण होऊन त्यांचा मृत्यू झाला. गाठीचा प्लेग व फुप्फुसीय प्लेग यांचा जीवाणू एकच असला, तरी प्रसाराचे मार्ग भिन्न आहेत, हे यातून निश्चित झाले.

एकविसाव्या शतकातही संशोधन चालू आहे. जठरात अडथळा तयार होण्यापूर्वीही काही पिसवा संसर्ग पसरवू शकतात, असे इ.स. २००६ मधील प्रयोगांत दिसून आले. मध्ययुगीन युरोपातील साथींमध्ये माणसांच्या अंगावरील पिसवा व उवा यांचा मोठा वाटा असावा, अशी मांडणी इ.स. २०१८ मध्ये करण्यात आली असून तिच्यावर मतभेद आहेत.

शैक्षणिक महत्त्व

या इतिहासातून विद्यार्थ्यांना रोगाचे कारण, रोगाचा वाहक आणि प्रसाराचा मार्ग या तीन संकल्पनांमधील फरक स्पष्ट करता येतो. जीवाणू सापडला म्हणजे प्रसाराचा मार्ग आपोआप समजत नाही. पिंजऱ्यांच्या प्रयोगाची मांडणी आधी सांगून, प्रत्येक कल्पनेनुसार कोणता निकाल अपेक्षित आहे, हे विद्यार्थ्यांना ठरवावयास लावता येते. प्रयोगात एकाच घटकात बदल का केला जातो, हेही त्यातून समजते.

सिमाँ यांचे गृहीतक पुढे बरोबर ठरले, तरी इ.स. १८९८ मध्ये उपलब्ध असलेला पुरावा थोडा होता. त्यामुळे त्यावर शंका घेणे आणि तो तपासून न पाहताच फेटाळणे, यांत भेद करणे आवश्यक ठरते. नवा सिद्धान्त जुन्याला प्रत्येक वेळी पूर्णपणे रद्द करतो, असेही नाही. मांचुरियातील साथीमुळे पिसवेचा सिद्धान्त खोटा ठरला नाही, तर तो कोणत्या प्रकारच्या प्लेगला लागू होतो, हे निश्चित झाले. ज्ञान अपुरे असतानाही शासनाला निर्णय घ्यावे लागतात आणि त्या निर्णयांची झळ सामान्य लोकांना सोसावी लागते, ही बाब मुंबई व पुण्यातील घटनांवरून अभ्यासता येते.