प्रतिप्रश्नाची परंपरा

ग्रंथालयांच्या इतिहासात संग्रह, वर्गीकरण आणि तालिका यांना जेवढी जागा मिळते, तेवढी संभाषणाला मिळत नाही. वाचक काही विचारतो, ग्रंथपाल काही सांगतो. या साध्या व्यवहारालाही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गेल्या तीन दशकांत हा व्यवहार संगणकाच्या पडद्यावर, म्हणजे ‘चॅट’वर गेला आणि त्या स्थलांतरामुळेच त्याचे मूळ स्वरूप अधिक स्पष्ट झाले, असे आमचे मत आहे.

संदर्भ सेवेच्या विचाराचा आरंभ साधारणतः १८७६ पासून मानला जातो. त्या वर्षी अमेरिकेतील वूस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातील वैयक्तिक संबंधांवर निबंध मांडला. बुजरा वाचकही निःसंकोच विचारू शकेल, असे आपुलकीचे माणूस ग्रंथालयात हवे, हा त्याचा गाभा. आपल्याकडे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी वाचकाचा वेळ वाचविण्याचे चौथे सूत्र याच दिशेने जाते.

या विचाराला खोली दिली ती रॉबर्ट टेलर यांच्या १९६८ सालच्या लेखाने. माणसाच्या मनातील गरज प्रथम अव्यक्त असते, नंतर तिची अस्पष्ट जाणीव होते, मग ती शब्दांत येते आणि अखेरीस ग्रंथालय काय देऊ शकेल याचा अंदाज घेऊन तडजोडीने विचारली जाते, अशा चार पातळ्या त्यांनी सांगितल्या. साहित्याच्या अध्यापकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘तुकारामांवरची पुस्तके हवीत’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला वस्तुतः एखाद्या अभंगाचे गाथेच्या दोन आवृत्त्यांतील पाठभेद पाहावयाचे असतात. ‘कशासाठी हवीत?’ असे कोणी विचारले, तरच हे उघड होते. ग्रंथालयशास्त्र ज्याला संदर्भ मुलाखत म्हणते, ती म्हणजे हा प्रतिप्रश्न.

हा प्रतिप्रश्न पडद्यावर कसा विचारावा, हीच चॅट-सेवेची खरी कसोटी होती. १९९५ साली मिशिगन विद्यापीठात ‘इंटरनेट पब्लिक लायब्ररी’ सुरू झाली आणि तेथे आभासी दालनात टंकलिखित संभाषणाचे प्रयोग झाले. १९९८ मध्ये फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठाने तत्काळ संवादाची सेवा सुरू केली. पुढे व्यापारी कॉल सेंटरसाठी घडविलेली संगणकप्रणाली ग्रंथालयांनी उचलली. तीत ग्रंथपालाला आपल्यासमोरचे पान वाचकाच्या पडद्यावर उघडून दाखविता येई. २००२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ओसीएलसी यांनी ‘क्वेश्चनपॉइंट’ उभारले. एका ग्रंथालयाच्या वाचकाला दुसऱ्या ग्रंथालयातील ग्रंथपालाने उत्तर द्यावे, ही त्यामागची कल्पना.

मेजासमोर उभा असलेला वाचक ग्रंथपालाचा चेहरा पाहतो. तो कपाटाकडे वळला म्हणजे शोध चालू आहे, हे त्याला न सांगता कळते. पडद्यावर तीच शांतता उपेक्षेसारखी भासते. त्यामुळे चॅटवरील ग्रंथपालाला ‘शोधतो आहे, थोडे थांबा’ असे वरचेवर लिहावे लागले, उत्तराचे लहान तुकडे करावे लागले. अमेरिकेत १९९६ साली संदर्भ ग्रंथपालांच्या वर्तनासाठी मार्गदर्शक तत्त्वे केली होती; २००४ मध्ये दूरस्थ सेवा ध्यानात घेऊन ती सुधारण्यात आली. शिवाय मेजापाशी हवेत विरणारे संभाषण आता लेखी उरू लागले. ते अभ्यासाला उपयुक्त ठरले, तसाच वाचकाच्या खासगीपणाचा नवा प्रश्नही त्यातून निर्माण झाला.

साधने मात्र अल्पायुषी ठरली. अनेक ग्रंथालयांनी आपल्या संकेतस्थळावर ‘मीबो’ची मोफत चौकट लावली होती, २०१२ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि काही आठवड्यांतच ती सेवा थांबली. एओएलचा मेसेंजर २०१७ मध्ये बंद झाला. क्वेश्चनपॉइंटची सामायिक सेवा २०१९ मध्ये स्प्रिंगशेअर या कंपनीकडे गेली. ग्रंथालय ज्या दालनात बोलत होते, ते त्याच्या मालकीचे नव्हते. तरीही सेवा टिकली, याचे कारण बोलण्याची विद्या ग्रंथपालांची स्वतःची होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि चॅटच्या चौकटीपलीकडे यंत्र बसले. त्याला प्रतिप्रश्न करताच येत नाही असे नव्हे. पण तडजोडीने विचारलेल्या प्रश्नालाच खरा प्रश्न समजून सफाईदार उत्तर देण्याकडे त्याचा कल असतो. कधी अस्तित्वात नसलेले लेख आणि ग्रंथ तो संदर्भ म्हणून पुरवितो, आणि विद्यार्थी ती यादी घेऊन ग्रंथालयात येतात. तेव्हा ग्रंथपालाला ‘ही यादी कोठून मिळाली, आणि तुम्हांला नेमके काय शोधायचे आहे?’ हेच विचारावे लागते.

म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयात अशी सेवा सुरू करताना केवळ वेग आणि खर्च पाहणे पुरेसे नाही. वाचकाला उलट विचारण्याची सवड तीत कोणाला आहे, आणि ते विचारण्याइतके त्याच्या विषयाचे ज्ञान त्या व्यक्तीपाशी आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. साहित्याच्या विभागांनी यात ग्रंथपालांना साथ द्यावी. कारण विद्यार्थ्याचा अर्धवट प्रश्न पुरा करणे हे अध्यापनाचेही काम आहे.