पाहुण्यांची मेमरी, यजमानाची विवंचना: बलून ड्रायव्हरचा इतिहास

१/ एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवण्याची कल्पना क्लाउडच्या जमान्यातली वाटते. प्रत्यक्षात ती १९६० च्या दशकातली आहे. तिच्या इतिहासातला एक चिवट प्रश्न मेमरीचा: टंचाई पडली की कोणती मेमरी काढून घ्यायची आणि ते ठरवायचे कोणी? #थ्रेड

२/ आरंभ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिज शहरात झाला. तेथील आयबीएमच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीसी व सहकाऱ्यांनी घडवलेली सीपी-४० प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये कामास लागली. यंत्र एकच, पण प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र संगणक मिळाल्याचा भास होई. पुढे सीपी-६७ आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० हे तिचे वारस आले.

३/ यात यजमान प्रणाली पाहुण्या यंत्रांना जवळ असलेल्या मेमरीहून अधिक मेमरी कबूल करू शकते. सर्व पाहुण्यांना ती एकाच वेळी लागणार नाही, हा त्यामागचा भरवसा. तो फसला की यजमान काही पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) डिस्कवर हलवतो.

४/ पण कोणती पाने? पाहुण्याच्या दृष्टीने कोणते पान मोलाचे आणि कोणते टाकाऊ, हे यजमानाला बाहेरून नीट कळत नाही. ते पाहुण्याच्या कार्यप्रणालीलाच ठाऊक असते. अधिकार एकाकडे आणि माहिती दुसऱ्याकडे, असा हा पेच होता.

५/ त्यातून एक विचित्र प्रकार घडे. यजमान एखादे पान डिस्कवर टाकतो. थोड्या वेळाने पाहुणाही तेच पान निरुपयोगी ठरवून आपल्या डिस्कवर पाठवू पाहतो. मग ते पान डिस्कवरून मेमरीत आणायचे, ते केवळ पुन्हा डिस्कवर लिहिण्यासाठी! गोल्डबर्ग व हॅसिंगर यांनी १९७४ मध्येच या दुहेरी पेजिंगवर शोधनिबंध लिहिला होता.

६/ आयबीएमचा तोडगा होता ‘हँडशेकिंग’. व्हीएस१ ही त्यांचीच कार्यप्रणाली; आपण व्हीएम/३७० च्या आश्रयाने चालत आहोत हे ओळखून ती पेजिंगचे काम यजमानावर सोपवू शके. यजमान आणि पाहुणा दोन्ही एकाच कंपनीचे असल्याने पाहुण्यात असा बदल करणे शक्य होते.

७/ १९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘डिस्को’ प्रकल्पाने ही जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली आणि १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी स्थापन झाली. आता पाहुणा बहुधा विंडोज असे. दुसऱ्या कंपनीच्या त्या प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, हात लावणे शक्य नव्हते. एक दार मात्र उघडे होते: कर्नलमध्ये बाहेरचा ड्रायव्हर बसवता येत असे.

८/ डिसेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या ओएसडीआय परिषदेत व्हीएमवेअरचे कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी ईएसएक्स सर्व्हरच्या मेमरी व्यवस्थापनावर निबंध सादर केला. त्यातील एक युक्ती होती ‘बलूनिंग’: पाहुण्याच्या कर्नलमध्ये एक लहानसा ड्रायव्हर बसवायचा आणि त्याला यजमानाच्या इशाऱ्यावर फुग्यासारखे फुगवायचे.

९/ फुगणे म्हणजे पाहुण्याकडेच मेमरी मागणे आणि ती अडवून ठेवणे. पाहुणा आधी मोकळी पाने देतो. ती अपुरी पडली तर स्वतःच्या नियमांनी कमी मोलाची पाने रिकामी करतो. ड्रायव्हर त्या पानांचे क्रमांक यजमानाला कळवतो आणि यजमान ती मेमरी दुसऱ्या यंत्राला देतो. टंचाई सरली की फुगा आकसतो. किती मेमरी हवी हे यजमान ठरवतो. कोणती द्यायची हे पाहुणा.

१०/ निबंधातील चाचणीत फुगवून लहान केलेले यंत्र मुळातच तेवढी मेमरी दिलेल्या यंत्राहून १.४ ते ४.४ टक्केच मंद ठरले. मर्यादाही तेथेच नोंदवल्या आहेत. ड्रायव्हर काढून टाकला असेल, यंत्र नुकतेच सुरू होत असेल किंवा मेमरी पुरेशा वेगाने मिळत नसेल, तर यजमानाला पुन्हा आंधळेपणानेच पाने डिस्कवर टाकावी लागत.

११/ २००३ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या ‘झेन’नेही बलून ड्रायव्हर वापरला, २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत व्हर्टिओ बलून दाखल झाला. हँडशेकिंग आणि बलूनिंग यांची रीत परस्परविरुद्ध: एकात पाहुणा पेजिंग सोडून देतो, दुसऱ्यात यजमान निवड पाहुण्यावर सोपवतो. दोन्हींचा निष्कर्ष मात्र एकच आहे. पाहुण्याच्या सहकार्याविना यजमानाला ही मेमरी नीट सांभाळता येत नाही.

(समाप्त)