मूल कायद्याने कोणाचे? नागपूरच्या गादीपासून डीएनए चाचणीपर्यंत

"डॉक्टर, डीएनए केलं की मूल कोणाचं ते कळतंच ना?" हा प्रश्न दवाखान्यात अधूनमधून येतो, आणि बहुतेक वेळा दार लोटून, हळू आवाजात येतो. रक्ताच्या नात्याचे उत्तर चाचणी देते. कायद्याने आईवडील कोण, हा प्रश्न मात्र वेगळा आणि फार जुना आहे. आपल्या भंडारा जिल्ह्याचा तर इतिहासच त्याने बदलला.

भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी वारले. त्यांना मुलगा नव्हता आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. नात्यातल्या यशवंतराव अहिररावांना राजघराण्यातील स्त्रियांनी दत्तक घेऊन जानोजी हे नाव दिले. घराच्या लेखी ते मुलगा झाले. लॉर्ड डलहौसीने मात्र हा दत्तक राज्याचा वारस मानला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केले. भंडारा इंग्रजांकडे गेला तो असा. गंमत म्हणजे तिसरे रघूजी स्वतःच दत्तक होते! ते दुसऱ्या रघूजींच्या मुलीचे पुत्र, आणि 1818 मध्ये आप्पासाहेबांना हटवल्यावर त्यांना गादीवर बसवले होते ते इंग्रजांनीच. सोयीचा असेल तेव्हा दत्तक चालत होता. 1857 नंतर जानोजींनाही किताब मिळाला, राज्य नाही.

पुढे 1872 च्या पुरावा कायद्यात सामान्य माणसासाठी नियम आला. लग्न टिकून असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच. लग्न संपल्यावर 280 दिवसांत, आईने पुन्हा लग्न केलेले नसताना जन्मले, तरीही त्याचेच. सुटायला एकच वाट: गर्भ राहू शकला असता त्या काळात दोघांचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध करणे. 280 दिवस म्हणजे आपले 40 आठवडे. पण ते आपण शेवटच्या पाळीपासून मोजतो. प्रत्यक्ष गर्भधारणेपासून ते साधारण 266 भरतात, म्हणजे कायद्याने दोन आठवडे सैल ठेवले आहेत. बाळावर 'बेवारस' हा शिक्का बसू नये, हा त्यामागचा हेतू. 2023 च्या नव्या साक्ष अधिनियमातही हा नियम कायम आहे.

या नियमाची खरी परीक्षा विदर्भातल्याच एका खटल्यात झाली. चंद्रपूरला 1990 मध्ये लग्न, मग वेगळे राहणे, पोटगीचा दावा, मध्ये एका मुलीचा जन्म. डीएनए चाचणी नागपूरला झाली, मग पुन्हा हैदराबादला. दोन्हीकडे एकच उत्तर: हा पिता नाही. 6 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विज्ञानाच्या बाजूने कौल दिला आणि मुलीच्या पोटगीतून त्याला मोकळे केले. कायदा म्हणून मला तो पटतो. पण त्या मुलीचे काय, हा विचार डोक्यातून जात नाही. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की नवराबायकोच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी सरसकट करू नये. मूल हे पुराव्याचे साधन नव्हे.

दात्याचे बीज घेऊन मूल झाले तर? 2021 च्या कायद्याने ते उपचार घेणाऱ्या जोडप्याचेच. दात्याचा हक्क उरत नाही. इथे रक्ताचे नाते असूनही तो पालक नाही.

दत्तकाबद्दल एक सांगतो, कारण ही चूक अजून होते. दवाखान्यातून परस्पर मूल नेऊन जन्मदाखल्यावर स्वतःचे नाव लावणे म्हणजे दत्तक नव्हे, तो गुन्हा आहे. अशा मुलाचे कागद पुढे शाळेत, वारसाहक्कात, कुठेही अडकू शकतात. संस्थेतून रीतसर दत्तक घेतल्यास 1 सप्टेंबर 2022 पासून आदेश जिल्हाधिकारी देतात, कोर्टात खेटे नाहीत.

डीएनएसाठी चिठ्ठी मागायला आलेल्याला मी आधी एवढेच विचारतो, की दिवस गेले तेव्हा तुम्ही दोघे एकत्र राहत होता का? उत्तर 'हो' असेल, तर त्याला लॅबच्या आधी वकिलाकडे पाठवतो.